घुम्या मुलांचा इतिहास

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

महालात राहणाऱ्या माणसाला इतिहास शोधायला लांब जावे लागत नाही. गांधी गेटमधून, म्हणजे जुन्या लोकांच्या जुम्मा दरवाजातून आत शिरलात की कोतवाली, तुळशीबाग, केळीबाग अशी नावे एकामागून एक भेटतात. इथे कधीकाळी एका राज्याची राजधानी होती हे ती नावेच सांगतात. गोंड राजा बख्त बुलंद शाह, मग भोसले, मग इंग्रज. लढाया, तह, खजिना, हत्ती. आपला इतिहास साधारण इथवर येऊन थांबतो.

या सगळ्या इतिहासात मला एक माणूस सापडत नाही. तो पंधरा-सोळा वर्षांचा आहे. काही दिवसांपासून तो नीट जेवत नाही. रात्री जागा असतो आणि सकाळी उठवत नाही. ज्या खेळासाठी जीव टाकायचा त्या खेळाकडे आता बघत नाही. विचारले तर खेकसतो, नाही तर गप्प बसतो. आमच्याकडे अशा मुलाला ‘घुम्या’ म्हणतात. "पोट्टा घुम्या झाला" म्हटले की विषय संपला. फार तर कोणी म्हणेल, "वय आहे, होते असे." आजचे डॉक्टर यालाच, तो पंधरवड्याहून जास्त टिकला आणि त्याने मुलाचे रोजचे जगणे अडले तर, नैराश्याचा आजार म्हणतात. हा मुलगा काही कालपरवा मोबाइलबरोबर जन्माला आलेला नाही. तो पूर्वीही होताच. मग तो कागदात का दिसत नाही, याचा थोडा मागोवा मी घेतला. मी इतिहासाचा पंडित नाही. साधा बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण कवीला गप्प माणसाची चौकशी करण्याची खोड असते, तिला इलाज नाही.

एका मुलाबद्दल मात्र मराठीत चिक्कार लिहिले गेले आहे, कारण तो पेशवा होता.

सवाई माधवरावांचा जन्म 18 एप्रिल 1774 चा, पुरंदर किल्ल्यावरचा. बाप त्यांनी पाहिलाच नाही. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला, तेव्हा हे मूल आईच्या पोटात होते. (खून झाला त्या दिवशी नारायणरावांचे वय अठरा होते, हेही आपण विसरतो. ‘काका मला वाचवा’ एवढेच लक्षात राहते.) चाळीस दिवसांच्या या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तीन वर्षांचे होते तेव्हा आई गंगाबाई गेली. पुढे आठ-नऊ वर्षांचे असताना थाटाचे लग्न झाले. ती पत्नी, रमाबाई, तीही लवकर गेली. वीस वर्षांच्या आत या मुलाने किती माणसे गमावली त्याचा हिशेब करा. मग कारभाराकडे या.

कारभार नाना फडणिसांचा. नाना नसते तर ते बाळ जगते की नाही आणि पेशवाई टिकती की नाही, ही शंकाच आहे. नानांनी त्याला तळहातावरच्या फोडासारखे जपले. पण जपणे आणि जखडणे यांच्यामधली भिंत फार पातळ असते, आणि प्रेमाने जपणाऱ्याला ती दिसतच नाही. कोण भेटेल, कोण भेटणार नाही, कुठे जायचे, कधी परतायचे, सगळे ठरलेले. 1792 मध्ये महादजी शिंदे पुण्यात आले. शिकार, मोकळ्या गप्पा आणि थोडा वडिलकीचा लाड यांमुळे तरुण पेशव्याला त्यांचा लळा लागला. फेब्रुवारी 1794 मध्ये महादजीही वानवडीला वारले. माणूस हातात येतो आणि निसटतो, असा हा या मुलाचा आयुष्यभराचा अनुभव.

1795 च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. निजामाविरुद्ध सगळे मराठे सरदार शेवटचे एकत्र आले ते तिथे. आपल्या नागपूरचे दुसरे रघूजी भोसलेही फौज घेऊन गेले होते. एकविसाव्या वर्षी एवढा मोठा विजय! बाहेरून पाहणारा म्हणेल, याला काय कमी आहे? हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी एक प्रकरण घडले. रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव नानांच्या नजरकैदेत होता. वयाने सवाई माधवरावांच्या बरोबरीचा आणि नात्याने चुलता. या दोघांत चोरून पत्रव्यवहार सुरू झाला. एक कैदेतला मुलगा आणि एक सिंहासनावरचा मुलगा, आणि दोघांनाही एकमेकांशी बोलावेसे वाटले. पत्रे पकडली गेली. नाना रागावले. मधल्या माणसाला कैद झाली, पेशव्याभोवतीचा पहारा आणखी घट्ट झाला. पुढचा बाजीराव कसा निघाला हे पाहता नानांची भीती खोटी नव्हती. पण मी आता राजकारणाविषयी बोलत नाही. ज्याला बरोबरीचा एकही मित्र नाही अशा मुलाने एक मित्र शोधला आणि तो काढून घेतला गेला, एवढेच मला त्यात दिसते.

त्या वर्षीच्या दसऱ्याला पेशवे लोकांसमोर आले, समारंभ झाला. तीनच दिवसांनी, 25 ऑक्टोबर 1795 रोजी, ते शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि 27 तारखेला वारले.

यावर आता सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात त्याने सरळ लिहिले की पेशव्याने निराशेच्या भरात स्वतःच जीव दिला. पुढे कित्येक मराठी अभ्यासकांनी ते नाकारले. त्यांचे म्हणणे, अंगात ताप होता, तापात भ्रम झाला, तोल गेला. खरे काय ते आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. मला खटकते ते दुसरेच. हा वाद नेहमी नानांभोवती फिरतो. नाना दोषी की निर्दोष? एक बाजू म्हणते नानांच्या जाचाने गेला, दुसरी म्हणते नानांवर हा खोटा डाग आहे. त्या मुलाचे मागचे काही महिने कसे गेले असतील, तो झोपत होता का, कोणाशी बोलत होता का, हा प्रश्न वादात तोंडी लावण्यापुरता येतो. घरातले मूल हातचे गेले की आजही आपल्याकडे हेच होते. आधी आरोपी शोधला जातो. सासर, माहेर, शाळा, मास्तर, प्रेमप्रकरण, मोबाइल. आरोपी सापडला की सगळ्यांना हायसे वाटते. नैराश्याला बहुतेक वेळा एकच एक कारण नसते, आणि आरोपी शोधण्याच्या गडबडीत ते मूल पुन्हा एकदा नजरेआड होते.

जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने 1792 च्या सुमारास सवाई माधवराव आणि नाना यांचे एकत्र चित्र काढले आहे. पुस्तकांतून ते पुष्कळदा छापले जाते. कधी हाती आले तर नानांकडे आपोआप जाणारी नजर थोडी बाजूला घेऊन तरुण पेशव्याकडेही पाहा.

आता नागपूर. पुण्यातल्या त्या घटनेनंतर तेवीस वर्षांनी महालात जवळपास तसाच खेळ मांडला गेला. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य गेले. 1818 मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या मुलाला गादीवर बसवले आणि त्याचे नाव तिसरे रघूजी झाले. वय दहाच्या आसपास. घरात आजी बाकाबाई, बाहेर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. एका मुलाच्या नावाने राज्य चालते आणि त्या मुलाला त्यात बोलायला जागा नाही. 1826 पासून टप्प्याटप्प्याने थोडाथोडा कारभार त्यांच्या हाती आला. जेंकिन्सने नागपूर राज्यावर लिहिलेला अहवाल 1827 मध्ये छापला गेला. जमीन किती, गावे किती, वसूल किती, जाती कोणत्या, धंदे कोणते, सारे त्यात तपशिलाने मांडले आहे. वाचताना माणूस थक्क होतो. पण दहा ते अठरा ही त्या मुलाची वर्षे महालाच्या भिंतींआड कशी गेली, हा राज्यकारभाराच्या कागदांचा विषयच नव्हता. ते दुःखी होते असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. कोणी विचारले नाही, एवढेच म्हणतो. 11 डिसेंबर 1853 रोजी ते निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले.

1864 मध्ये भोसल्यांचा महालातला तो नक्षीदार लाकूडकामाचा वाडा जळाला. मोठा दरवाजा तेवढा उरला, असे गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. त्याच 1864 साली नागपुरात वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी एकाच वर्षाच्या पोटात त्या निघाल्या तेव्हा मी जरा थबकलो. आज त्या इस्पितळाचे नाव प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव बदलले तरी ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ म्हटल्याशिवाय पत्ता कळत नाही. आपल्या मुलाला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचे म्हटले की आईबापांच्या पोटात गोळा येतो, त्याचे अर्धे कारण या एका शब्दात आहे.

त्या काळातल्या वेड्यांच्या इस्पितळांत आपला घुम्या मुलगा जात नसे. तिथे जायचे ते पोलिसांनी धरलेले, रस्त्यावर फिरणारे, दंगा करणारे. 1858 च्या कायद्याने ती वाट आखून दिली होती, आणि तिच्या तोंडाशी डॉक्टर नव्हता, कोतवाली होती. जो कोपऱ्यात बसून मुकाट रडतो त्याला पोलीस कशाला पकडतील? आणि ज्यांना पकडले त्यांच्या आजाराचे कारण कसे लिहिले जाई, तेही पाहण्यासारखे आहे. 1893-94 मध्ये सरकारने गांजा-भांगेची चौकशी करायला एक आयोग नेमला. इस्पितळांच्या वह्यांत वेडाचे कारण म्हणून गांजा ठिकठिकाणी लिहिलेला होता. आयोगाने खोदून पाहिले तेव्हा कळले की हे कारण पुष्कळदा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसानेच सांगितलेले असे आणि कारकून ते तसेच उतरवून घेई. 1892 मधल्या 222 रुग्णांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण होते. तपासाअंती त्यांतल्या 98 जणांच्याच बाबतीत ते टिकले. बाकीच्यांचे दुःख काय होते? वहीत त्यासाठी रकाना होता, पण विचारणारा नव्हता.

आणि त्याच 1892 सालच्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या या इस्पितळात एक माणूस आणला गेला. तो पुढे या शहराचा बाबा झाला.

ताजुद्दीन बाबांची कथा नागपूरकरांना सांगायला नको, पण तिच्यातला एक भाग मला इथे हवा आहे. 1861 मध्ये कामठीला जन्म. लहानपणीच वडील गेले, मग आई गेली, मामांनी वाढवले. पुढे फौजेत नोकरी, मग ती सोडून भटकंती. कामठीचे लोक दगड मारत, वेडा म्हणत. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात रवानगी झाली. तिथे ते सोळा वर्षे राहिले. लोक दर्शनाला तिथेच येऊ लागले. 1908 मध्ये भोसले घराण्यातल्या रघूजीरावांनी जामीन भरून त्यांना बाहेर काढले आणि शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात नेले. 1925 मध्ये बाबांचा देहांत झाला. त्यांच्या उर्सात आज हिंदू किती आणि मुसलमान किती, हे कोणी मोजत नाही.

मी बाबांना रुग्ण ठरवायला निघालेलो नाही. श्रद्धेच्या जागी श्रद्धा असू द्या. मला एवढेच दिसते की एकाच माणसाला एका वस्तीने दगड मारले, एका सरकारने कोंडले आणि एका राजाने घरी नेले. माणूस तोच होता. वेडा कोण आणि शहाणा कोण ही रेघ आपण ओढतो. ती ओढताना हात थोडा सावकाश चालवला तर बरे.

दर्ग्यांवर आणि देवस्थानांवर आजही आईबाप अशी मुले घेऊन येतात. त्यांना हसणाऱ्यांतला मी नाही. तिथे मुलाला कोणी ‘केस’ म्हणत नाही. रांगेत शेजारी उभी असलेली बाई आपल्या डब्यातली पोळी त्याला देते. पण साखळदंडाचे समर्थन मी कधीही करणार नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. त्यानंतर गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतो आणि तोच रुग्णाला शेजारी बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतो. याहून शहाणपणाची गोष्ट मला तरी माहीत नाही.

आणि हे शहाणपण आपल्या परंपरेला नवे नाही. आमच्या घरांत हकिमी औषधांमुळे ‘सौदा’ आणि ‘मालीखोलिया’ हे शब्द ऐकू येत. काळ्या पित्ताने येणारी उदासी, असा त्यांचा अर्थ. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्ख शहरचा एक विद्वान होऊन गेला, अबू जैद अल-बल्खी. शरीर आणि मन या दोहोंच्या निगेवर त्याने एकच पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की उदासी दोन जातींची असते. एकीचे कारण माणसाला ठाऊक असते, कोणी मेले, काही गेले. दुसरीचे कारण त्याला स्वतःलाच सापडत नाही, आणि ती शरीरातल्या बिघाडातून येते. पहिलीला बोलण्याने, समजावण्याने उतार पडतो. दुसरीला औषधही लागते. हजार वर्षांपूर्वी हे लिहिले गेले. आणि आपण अजून मुलाला विचारतो, "तुला काय कमी आहे?" खर्ड्याच्या वेळचे वाक्य म्हणालो होतो ना, ते हेच.

मराठीत या दुसऱ्या जातीच्या उदासीला पहिल्यांदा तोंड दिले ते कवींनी, वैद्यांनी नव्हे. बालकवी ठोमरे म्हटले की आपल्याला निर्झर, फुले, हिरवळ आठवते. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या मुलाने सभा जिंकली आणि बालकवी झाला. त्याच बालकवींची ‘औदासीन्य’ नावाची कविता आहे. कारण न सापडणाऱ्या खिन्नतेविषयीच ती आहे. शाळेत ती शिकवतात तेव्हा तिच्यातले अलंकार शिकवतात. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाला ‘हे तर माझेच आहे’ असे वाटले असेल, त्याच्याकडे मास्तरांनी वळून पाहिले की नाही, कोण जाणे. बालकवी 1918 मध्ये, वयाची अठ्ठाविशीही गाठण्याआधी, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले.

नाटकवालेही मागे नव्हते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले 1883 मध्ये, ‘विकारविलसित’ या नावाने. एका तरुणाच्या मनातला काळोख मराठी वाचकापुढे आला तो असा. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे नाटक 1893 मध्ये लिहिले. तेव्हा त्यांचे वय एकवीस, म्हणजे नाटकाच्या नायकाएवढेच. नाटक शेक्सपिअरच्या वळणाचे आहे, त्यात कान भरणारा खलपुरुषही आहे. पुन्हा आरोपी सापडला! पण एकवीस वर्षांच्या लेखकाला एकवीस वर्षांच्या पेशव्याचे मन उघडून पाहावेसे वाटले, यात मला मोल वाटते. इतिहासकारांना जे सुचले नव्हते ते त्याला सुचले.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर मंडळी तेव्हा काय करत होती? खरे सांगायचे तर त्यांनाही उशीरच झाला, आणि तो आपल्याच देशात नव्हे. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने 1937 मध्ये मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले, देशातले ते पहिले. तिथे येणारी मुले बहुधा खोडकर, चोऱ्या करणारी, शाळा बुडवणारी. गप्प मुलाचा कोणाला त्रास नसतो, म्हणून त्याला कोणी आणत नाही. युरोप-अमेरिकेतही फ्रॉइडच्या परंपरेतल्या पुष्कळ विद्वानांचा ठाम समज होता की लहान मुलांना खरा नैराश्याचा आजार होऊच शकत नाही, कारण त्यांचे मन तेवढे पिकलेले नसते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोमला युरोपातल्या बालमनोविकारतज्ज्ञांची परिषद भरली, तिचा विषयच मुलांमधले आणि किशोरांमधले नैराश्य हा होता. तिथून वारे फिरले. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणाने मान्य केले की मोठ्यांना होणारा हा आजार मुलांनाही होतो. फक्त मुलांत तो कधीकधी रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने येतो. म्हणजे चंद्रावर माणूस आधी गेला आणि सोळा वर्षांच्या मुलाचे दुःख नंतर मान्य झाले.

हे चिडचिडीचे मला फार महत्त्वाचे वाटते. मोठा माणूस उदास झाला की उदास दिसतो. पोरगा उदास झाला की उद्धट दिसतो. अंगावर येतो, दार आपटतो, डोके दुखते, पोट दुखते म्हणून शाळा बुडवतो. आपण त्याच्या उद्धटपणाचा बंदोबस्त करतो आणि आजार तसाच राहतो. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट असते असे अभ्यास सांगतात. पण घरकाम करता करता गप्प झालेली मुलगी आपल्याकडे ‘समजूतदार झाली’ म्हणून कौतुकाला पात्र ठरते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशाचे मानसिक आरोग्य पाहण्यासाठी बारा राज्यांत मोठी पाहणी केली. तेरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी 7.3 टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. खेड्यांत 6.9 टक्के आणि महानगरांत 13.5 टक्के. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपला आकडा मला सांगता येत नाही. पण आपल्या शिकवणीवर्गांकडे आणि निकालाच्या दिवशीच्या घरांकडे पाहून अंदाज बांधता येतो. नाना फडणिसांचा पहारा एका मुलावर होता. आज प्रत्येक घरात एक नाना आहे. तोही तितकाच प्रेमळ, तितकाच घाबरलेला आहे आणि वेळापत्रक घेऊन दाराशी बसला आहे.

कायदा मात्र बराच पुढे आला, हे म्हणायलाच हवे. इंग्रजांच्या दंडविधानात जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा होती. म्हणजे बुडणाऱ्याला बाहेर काढायचे आणि पोलिसांच्या हवाली करायचे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितले की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच आधी धरावे आणि त्याची काळजी घ्यावी. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ते जुने कलम गेलेच. 2025 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना आणि शिकवणीवर्गांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, असे त्यात आहे. हे आपल्या मुलाच्या संस्थेत आहे की नाही, ते विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे. फी भरताना आपण पंख्यांचीही चौकशी करतो, ही का करू नये?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला 2017 मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले, हेही सांगतो. जगण्याला कंटाळलेला एक तरुण आणि त्याला आसरा देणारी बाई. ती त्याला उपदेश करत नाही, नाव विचारायचीही घाई करत नाही. समुद्रकिनारी कासवे अंडी घालतात, त्यांच्या जवळपास गोंगाट करायचा नसतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी घरातल्या मुलांबरोबर बसून पाहावा. पाहून झाल्यावर मात्र प्रश्नोत्तरे घेऊ नयेत.

आमच्या गल्लीतली एक बाई मध्यंतरी माझ्याकडे आली. मी लिहिणारा-वाचणारा, म्हणून लोक अर्ज लिहायला येतात तसे. म्हणाली, "भाऊ, पोट्टा बोलतच नाही. दोन महिने झाले. बाप म्हणते नाटकं करून राह्यला." मी विचारले, "तो स्वतःच्या जिवाचे काही बोलला का?" ती एकदम गप्प झाली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "हे कसं विचारायचं भाऊ? विचारलं अन् त्याच्या डोक्यात आलं तर?"

ही भीती पुष्कळांना असते, म्हणून स्पष्ट सांगतो. जाणकारांचे याबाबत एकमत आहे. मायेने आणि सरळ विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. आधीच आलेला असेल तर तो बोलून दाखवायला जागा मिळते. ‘मरावेसे वाटते का?’ हे विचारता येते, आणि उत्तर आले तर न दचकता, न रागावता, न शपथा घालता ऐकून घेता येते. मग त्याला एकटे सोडायचे नाही, आणि थांबायचेही नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. महालापासून मेयो रुग्णालय फार लांब नाही. तिथे आणि मेडिकलला, दोन्हीकडे मनोविकारशास्त्र विभाग आहेत. रात्र असेल, जाणे जमत नसेल तर ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक आहे. सरकारने तो ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केला. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. औषधे लागतीलच असे नाही. सौम्य आजारात पुष्कळदा बोलण्याचे उपचार पुरतात. लागली तर ती डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायची आणि आपल्या मनाने बंद करायची नाहीत, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवायचे.

त्या बाईने त्याच रात्री मुलाला विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग "हो" म्हणाला. सकाळी ती त्याला घेऊन निघाली. बापही निघाला, कुरकुरत का होईना. ओपीडीत गर्दी होती, दोन तास बसावे लागले. डॉक्टरीणबाईंनी आईबापांना बाहेर बसवले आणि मुलाला एकट्याला आत घेतले. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि त्याच्या आईलाही ते कोणी सांगितले नाही. तिला एवढेच माहीत आहे की तो पाऊण तास आत होता, आणि बाहेर बसलेल्या त्याच्या बापाने त्या पाऊण तासात एकदाही घड्याळ पाहिले नाही.